संध्याकाळ नेमकी कधी होते?

‘संध्याकाळची शेमा कधीपासून म्हणायची?’

ज्यू धर्मातल्या तोंडी परंपरेचा पहिला मोठा संग्रह म्हणजे मिश्ना. इसवी सन 200च्या सुमारास तो तयार झाला आणि त्याचं पहिलं वाक्य म्हणजे हा प्रश्न. आधी मंगलाचरण नाही, सृष्टी कशी झाली ते नाही, देवाचं वर्णन नाही. ‘ऐक, हे इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक आहे’ ही शेमा नावाची प्रार्थना रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायची असते, हे वाचणाऱ्याला ठाऊकच आहे असं धरलेलं आहे. प्रश्न एवढाच, की संध्याकाळ झाली हे कधी म्हणायचं? संकष्टीला चंद्रोदय बघून जेवायला बसणाऱ्या घरात वाढलेल्यांना या प्रश्नाचं नवल वाटणार नाही.

नवल आहे ते उत्तराचं. ‘पुरोहित आपला वाटा खायला आत जातात तेव्हापासून.’ आता हे पुरोहित कधी आत जायचे? ज्याला विटाळ झालाय त्या पुरोहिताने स्नान करायचं, सूर्य मावळून तारे दिसेपर्यंत थांबायचं आणि मग धान्याचा पवित्र वाटा खायचा, अशी रीत होती. म्हणजे उत्तर ‘तारे दिसल्यावर’ असं आहे, पण ते सरळ सांगितलेलं नाही. एका रीतीचं उत्तर दुसऱ्या रीतीत ठेवलंय. शेमा कधीपर्यंत म्हणता येईल, यावर तर तिथल्या तिथे तीन मतं येतात. रब्बी, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणारे पंडित. त्यांच्यातले रब्बी एलिएझर म्हणतात, रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत. बाकीचे पंडित म्हणतात, मध्यरात्रीपर्यंत. रब्बान गमलिएल म्हणतात, पहाट फुटेपर्यंत. आणि लगेच एक गोष्ट: गमलिएलची मुलं मेजवानीहून रात्री फार उशिरा घरी आली आणि म्हणाली, ‘आमची शेमा राहिली.’ वडील म्हणाले, ‘पहाट फुटली नसेल तर अजून म्हणायलाच हवी.’ पंडितांनी मध्यरात्र का सांगितली? माणूस ‘म्हणतो, म्हणतो’ करत झोपी जाऊ नये म्हणून.

एक प्रश्न, तीन उत्तरं, एका घरातला प्रसंग आणि कडक उत्तरामागचं कारण. पुढची अठराशे वर्षं हा धर्म याच चालीने चालला. ज्यूंच्या चालीरीतींची यादी कुठेही मिळते: शनिवारी काम नाही, दूध आणि मटण एकत्र नाही, डुक्कर नाही, कोळंबी नाही. ती पाठ केली तरी या माणसांचा धर्म कळत नाही, असं माझं मत आहे. यादीतल्या एकेका ओळीखाली कुणीतरी कुणाला तरी विचारलेले शेकडो प्रश्न आहेत, आणि खरी मौज तिथे आहे.

मिश्नावर पुढची तीनेकशे वर्षं इराकातल्या विद्यापीठांत चर्चा झाली. ती चर्चा म्हणजे गमारा, आणि दोन्ही मिळून तालमूद. सुमारे 1520मध्ये व्हेनिसला बॉम्बर्ग नावाच्या छापखानदाराने संपूर्ण तालमूद छापायला घेतलं, तेव्हा पानाची जी मांडणी ठरली ती आजही तशीच आहे. मधोमध मूळ मजकूर, आतल्या बाजूला 11व्या शतकातले फ्रान्सचे राशी यांची टीप, बाहेरच्या बाजूला राशींच्या नातवंडांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या शंका. नातू आजोबांना छापील पानावर ‘हे पटलं नाही’ म्हणतोय आणि त्याच पानावर दोघांनाही जागा आहे! रोज दोन्ही बाजूंचं एक पान वाचायचं असा उपक्रम 1923मध्ये सुरू झाला. एकूण 2711 पानं आहेत. एक फेरी पुरी व्हायला जवळजवळ साडेसात वर्षं लागतात.

या पानांवर मधूनमधून ‘तेकू’ असा शब्द भेटतो. दोन्ही बाजूंचे पुरावे मांडून झाले, निकाल लागत नाही, तेव्हा तेकू, म्हणजे ‘राहू दे उभा’. प्रश्न उभाच ठेवून मंडळी पुढच्या विषयाकडे वळतात. लोकांनी नंतर या शब्दाचा आणखी एक अर्थ लावला. त्याची अक्षरं फोडून ते म्हणायचे, एलियाहू संदेष्टा येईल आणि सगळ्या अडचणी, सगळे प्रश्न सोडवील. एलियाहूचं नाव लक्षात असू द्या, तो पुढे आपल्या कोकणात भेटणार आहे.

त्याच एलियाहूची तालमूदमध्ये एक गोष्ट आहे. एका मातीच्या भट्टीला विटाळ होतो की नाही यावर वाद पेटला. रब्बी एलिएझर एकटे एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. एलिएझर म्हणाले, ‘माझं बरोबर असेल तर हे झाड सांगेल.’ झाड उपटून शंभर हात लांब जाऊन पडलं. पंडित म्हणाले, झाडाचा पुरावा चालत नाही. मग ओढा उलटा वाहिला, भिंती कलल्या. शेवटी आकाशवाणी झाली, ‘एलिएझरचं बरोबर आहे.’ तेव्हा रब्बी यहोशुआ उभे राहिले आणि म्हणाले, ‘ते आकाशात नाही.’ धर्मशास्त्र एकदा माणसांच्या हाती दिलं, आता बहुमताने ठरणार. पुढे कुणाला तरी एलियाहू भेटला. त्याने विचारलं, त्या वेळी देव काय करत होता? एलियाहू म्हणाला, ‘हसत होता. म्हणत होता, माझ्या लेकरांनी मला हरवलं.’

ही गोष्ट नेहमी इथेच थांबवली जाते. मूळ पानावर ती पुढे जाते. हरलेल्या एलिएझरना वाळीत टाकलं गेलं, त्यांना रडू कोसळलं आणि त्या दुःखाची झळ साऱ्या जगाला लागली असं वर्णन आहे. बहुमत बरोबर असलं तरी माणूस दुखावला गेला, ही गोष्टही त्याच पानावर नोंदलेली आहे.

हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. निकाल असा: दोन्हींचे शब्द जिवंत देवाचेच, पण वागायचं हिल्लेलच्या घराण्याप्रमाणे. का, तर ते सौम्य होते आणि आपलं मत सांगण्याआधी शम्मायवाल्यांचं मत सांगायचे. हरलेलं मत पुसून टाकत नाहीत. उद्या एखाद्या न्यायसभेला तेच पटलं तर आधार असावा, असं कारण मिश्नातच दिलेलं आहे.

हे झालं पंडितांचं. साध्या घरात प्रश्न कसे उभे राहतात ते बघू. शुक्रवारची दुपार आहे. सूर्य मावळला की शब्बात, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागणार, मग चूल पेटवता येणार नाही. मटणाचं पातेलं उकळतंय आणि शेजारच्या भांड्यातून दुधाचे दोन थेंब त्यात उडाले. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, ज्यूंचं मूळ धर्मशास्त्र. त्यात सांगितलंय, करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नका. त्या एका वाक्यातून दूध आणि मांस वेगळं ठेवण्याचा सगळा संसार उभा राहिला: वेगळी भांडी, वेगळे चमचे, मटण खाल्ल्यावर दुधाचं काही घ्यायला थांबायचं. आता हे पातेलं टाकून द्यायचं?

बाई रब्बीकडे विचारायला पाठवते. रब्बी लगेच हो-नाही म्हणत नाही, तोच उलट विचारू लागतो. थेंब कुठे पडला, रश्शात की वर आलेल्या तुकड्यावर? लगेच ढवळलं का? पातेल्यात एकूण किती आहे? कारण नियम असा, की पडलेल्या वस्तूच्या साठपट दुसरी वस्तू असेल तर तिची चव हरवली असं धरतात. दोन थेंब आणि भरलेलं पातेलं, म्हणजे चिंता नाही. पण समजा हिशेब काठावर आला. मग तो एक वेगळंच विचारतो: घरात दुसरं काही आहे का? पाहुणे येणार आहेत का? 16व्या शतकातल्या क्राकोचे रब्बी मोशे इस्सेरलिस यांनी ‘मोठं नुकसान होत असेल तर’ आणि ‘शब्बातच्या मानासाठी’ अशी कारणं देऊन अनेक ठिकाणी सवलत लिहून ठेवली आहे. श्रीमंताच्या घरात जे पातेलं ओतून टाकायला सांगतील, तेच गरिबाच्या घरात चालून जाऊ शकतं. तालमूदमध्येच म्हटलंय, की सवलत देण्याचं बळ श्रेष्ठ. त्यावर राशी म्हणतात, नाही म्हणायला कुणालाही येतं. हो म्हणायला शास्त्र नीट माहीत असावं लागतं.

मात्र एक पथ्य आहे. एका पंडिताने नाही म्हटलं, तर हो ऐकायला दुसऱ्याकडे जायचं नाही. मनासारखा औषध देणारा डॉक्टर मिळेपर्यंत दवाखाने बदलायचे नाहीत, तसंच हे.

गावात जाणकार नसेल तर? मग पत्र. बगदादच्या आसपास सुरा आणि पुंबेदिता इथे मोठी विद्यापीठं होती आणि तिथल्या प्रमुखांना गाओन म्हणत. उत्तर आफ्रिका, स्पेन, इजिप्त इथून प्रश्नांची पत्रं व्यापाऱ्यांबरोबर तिकडे जायची, महिन्यांनी उत्तरं यायची. या साहित्यप्रकाराचं नावच ‘शेएलोत उ-तशुवोत’ म्हणजे ‘प्रश्न आणि उत्तरं’. 9व्या शतकात स्पेनच्या ज्यूंनी विचारलं, प्रार्थना कोणत्या क्रमाने म्हणायच्या? गाओन अम्राम यांनी वर्षभराचा क्रम लिहून पाठवला. तेच पत्र पहिलं प्रार्थनापुस्तक ठरलं. 987मध्ये ट्युनिशियातल्या कैरवानच्या लोकांनी विचारलं, मिश्ना लिहिली कशी गेली? शरीरा गाओन यांच्या उत्तरामुळे त्या काळाचा इतिहास आज आपल्या हाती आहे. कुणी विचारलं नसतं तर तो लिहिलाच गेला नसता.

अशा पत्रांतलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं पत्र 12व्या शतकातलं आहे. ओबद्या नावाच्या, धर्मांतर करून ज्यू झालेल्या माणसाने इजिप्तमध्ये राहणाऱ्या मैमोनिदेस यांना विचारलं: प्रार्थनेत ‘आमच्या वाडवडिलांच्या देवा’ असं येतं. माझे वाडवडील तर ज्यू नव्हते. मी ते शब्द म्हणू की गाळू? मैमोनिदेस हे त्या काळचे सर्वांत मोठे पंडित आणि राजवैद्य, दिवसभर रोग्यांच्या गर्दीत असायचे. त्यांनी उत्तर दिलं, एक शब्दही बदलू नकोस. जो कोणी या मार्गावर आला त्याचा बाप अब्राहमच. आमचं कूळ अब्राहमपर्यंत जातं, तुझं तर ज्याने जग निर्माण केलं त्याच्यापर्यंत.

याच मैमोनिदेसनी फ्रान्समधल्या लुनेलच्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा जाता जाता उल्लेख केला आहे: त्यांना लेखी धर्मशास्त्र ठाऊक नाही, शब्बात आणि सुंता एवढंच पाळतात. एवढंच वाक्य. हे आपल्या कोकणातल्या लोकांबद्दल असावं, असा कयास अनेकांनी केला आहे.

कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पुस्तकं समुद्रात गेली, ही त्यांची मूळकथा. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. आडनावं गावांवरून: रोहेकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर, किहीमकर. भाषा मराठी. आठवणीत राहिली ती शेमा, आणि ती जन्म, लग्न, नवस सगळीकडे म्हटली जायची. विचारायला जवळपास कुणी नाही, पाठवायला पत्ता नाही. प्रश्नोत्तरांवर चालणारा हा धर्म शतकानुशतकं प्रश्न न विचारता कसा टिकला? रीतींच्या अंगाने. सणांची नावं बघा: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. बिरड्याचा रोजा म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपास, वालाचं बिरडं करून सोडायचा. वल्हांडण म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण. त्या वेळी घरातलं आंबवलेलं सगळं काढून टाकायचं असतं. इथे त्याचं नाव अनशी ढाकाचा सण, म्हणजे आंबटाचं मडकं झाकून ठेवण्याचा. ‘खमीर नको’ हा नियम विस्मरणात जाऊनही मडक्यावर झाकण पडत राहिलं.

मग दाविद रहाबी नावाचा बाहेरचा ज्यू आला. समाजाची आठवण त्याला हजार वर्षं मागे नेते, काही अभ्यासक 18व्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याकडे बोट दाखवतात. हे तेली खरंच ज्यू आहेत का, हे त्याने कसं तपासलं? पोथी विचारली नाही, वंशावळ विचारली नाही. बायकांपुढे मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी घेतली, बाकीची बाजूला काढली. तोरात नेमका हाच नियम आहे. या परंपरेतला सगळ्यात हुशार प्रश्न मी हाच मानतो, आणि त्याचं उत्तर बायकांनी हातांनी दिलं. रहाबीने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवलं. त्यांना लोक काझी म्हणू लागले. ते गावोगाव फिरून सुंता, लग्नं लावायचे, तंटे मिटवायचे.

रीत आधी आणि नियम नंतर कळला, तरी दोघांचं किती जमतं, हे बेने इस्राएलांच्या ताटात दिसतं. शुक्रवारी संध्याकाळी द्राक्षरसावर आशीर्वाद म्हणायचा असतो. कोकणात द्राक्षं कुठली? काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्याचं सरबत करतात. मनुकांच्या रसावर हा आशीर्वाद चालतो, हे तालमूदमध्ये आहेच. मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध आणि सणाच्या गव्हाच्या चिकाच्या हलव्यालाही नारळाचंच दूध, म्हणजे मटण जेवून उठल्यावर हलवा खायला अडचण नाही. कोकणी हाताला नारळ सवयीचा, आणि नियमही आपोआप पाळला गेला.

मलिद्याचं ताट तर एक प्रश्नपत्रिकाच आहे. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, बेदाणे, वर फळं आणि एखादं सुगंधी फूल किंवा पान. प्रत्येकावर वेगळा आशीर्वाद. झाडाचं फळ असेल तर एक, जमिनीतलं असेल तर दुसरा, वासाचा तिसरा. मग केळ्याचं काय? केळीच्या बागेत वाढलेल्या माणसाला उत्तर लगेच सुचेल. घड काढला की खांब तोडून टाकतात, पुढच्या वर्षी नवा कोंब येतो. खोड टिकत नाही ते झाड कसलं? शुल्हान आरूखमध्येही केळ्यावर ‘जमिनीचं फळ’ असाच आशीर्वाद सांगितला आहे.

शुल्हान आरूख म्हणजे ‘मांडून ठेवलेलं मेज’. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या घरातले योसेफ कारो यांनी साफेद गावी हा ग्रंथ लिहिला, 1565मध्ये तो व्हेनिसला छापला गेला. सगळे वाद बाजूला ठेवून एकच स्पष्ट उत्तर, असा त्यांचा बेत होता. पण कारो स्पेनच्या परंपरेतले. मघाचे क्राकोचे इस्सेरलिस म्हणाले, आमच्या पोलंड-जर्मनीकडच्या रीती यात नाहीत. त्यांनी टिपा जोडल्या आणि त्यांना नाव दिलं ‘मेजावरची चादर’. आज दोन्ही एकत्रच छापतात. एकच उत्तर देणारं पुस्तक निघालं आणि त्यातही दोन उत्तरं आली. वल्हांडणात भात चालतो का? इस्सेरलिसच्या रीतीने वागणारी घरं भात आणि डाळी खात नाहीत, कारोच्या रीतीची बहुतेक घरं खातात. भाताशिवाय आठवडा काढायची पाळी कोकणावर आली नाही, हे बरं झालं. अशा वेळी ‘खरं कोणतं?’ या प्रश्नाला अर्थ नसतो. ‘तुमच्या घरची रीत कोणती?’ असं विचारतात. रीतीला मिन्हाग म्हणतात आणि तिचं वजन जवळजवळ कायद्याइतकं.

नवी यंत्रं आली की नवे प्रश्न. शब्बातला 39 प्रकारची कामं वर्ज्य आहेत, त्यात विस्तव पेटवणं येतं. विजेचं बटण दाबणं म्हणजे पेटवणं का? बल्बची तार लाल होते, तेव्हा हो. पंख्याचं काय? हाझोन ईश या नावाने ओळखले जाणारे पंडित म्हणाले, जोडणी पुरी करणं हे ‘बांधणं’ झालं, आणि बांधकाम त्या 39मध्ये आहे. जेरुसलेमचे शलोमो झालमान ऑएरबाख यांना ते पटलं नाही, वीज चालू करण्यात मुळात काही मोडत नाही असं त्यांचं मत. तरी रूढ झालेला निषेध मोडू नये म्हणाले. कारण वेगळं, वागणं एक. म्हणून इस्रायलमध्ये शब्बातला प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबणाऱ्या लिफ्ट असतात, बटण कुणी दाबत नाही.

विचारण्याची एवढी सवय असलेल्या धर्माने विचारण्याला एक हद्दही घातली आहे. जीव धोक्यात असेल तर शब्बात मोडायचा, विचारत बसायचं नाही. घाई करेल त्याचं कौतुक, आणि विचारायला जाईल तो रक्त सांडतो. पुढचं वाक्य जास्त झोंबणारं आहे: ज्याला येऊन विचारतात त्या पंडिताला लाज वाटली पाहिजे. लोकांना हे आधीच शिकवायला हवं होतं.

दुसऱ्या महायुद्धात लिथुआनियातल्या कोव्नोच्या घेट्टोत नाझींनी ज्यूंना कोंडलं होतं. तिथेही लोक प्रश्न घेऊन रब्बी एफ्राईम ओश्री यांच्याकडे येत. सिमेंटच्या पिशव्यांचे कागद फाडून ते प्रश्न टिपून ठेवत आणि डब्यांत घालून पुरत. युद्धानंतर डबे उकरून काढले. त्यातला एक प्रश्न: सकाळच्या प्रार्थनेत ‘मला गुलाम केलं नाहीस म्हणून तुझी स्तुती’ असं येतं. गुलामच आहोत, मग म्हणायचं कसं? ओश्री म्हणाले, म्हणायचंच. शत्रूच्या हाती देह पडला तरी आपण त्याचे गुलाम नाही, हे आत्ताच म्हणायला हवं.

ही परंपरा एवढी मोठी असूनही ती माणसाला दुखवू शकते, हे मराठी ज्यूंइतकं कुणाला ठाऊक असेल? 1948नंतर हजारो बेने इस्राएल मुंबई, पुणे, कोकण सोडून इस्रायलला गेले. तिथे कुणीतरी प्रश्न काढला: यांच्यात धर्मशास्त्राप्रमाणे काडीमोडाचा कागद देत नसत. तो न मिळता वेगळी झालेली बाई पुन्हा लग्न करून आई झाली, तर त्या मुलाला कलंक लागतो आणि ज्यूंशी लग्न करता येत नाही. कुठल्या पिढीत असं झालं असेल तर? मुख्य रब्बीसभेने 1961मध्ये बेने इस्राएलांशी लग्नं वैध असल्याचं मान्य केलं, पण 1962मध्ये सूचना काढल्या: लग्न लावण्याआधी यांची आजी, पणजी, जमेल तितकं मागे जाऊन तपासा. रहाबीने मासळी पुढे ठेवली होती. इथे कागद मागितले गेले. आमच्याच घरात आम्हालाच ओळखपत्र विचारता, म्हणून लोक चिडले. धरणी झाली, जेरुसलेममध्ये मोर्चे निघाले. ऑगस्ट 1964मध्ये इस्रायलच्या संसदेत हा विषय चर्चेला आला, बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत असं सरकारने म्हटलं, आणि सूचनांतलं समाजाचं नाव काढून ‘ज्यांच्याबद्दल शंका असेल ते’ असं घालण्यात आलं. म्हणजे चौकशीचा नियम राहिला, एका समाजावर ठेवलेलं बोट मागे घेतलं गेलं. माझ्या मते ओबद्याला पत्र लिहिणारा माणूस त्या खुर्चीत असता, तर ही पाळी आली नसती.

आता महाराष्ट्रात ज्यू थोडेच उरले. 2016मध्ये राज्याने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबाग, पनवेल, मुंबई, पुण्यात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरं आहेत. मांडवीचं 1796चं शाआर हारहामीम हे बेने इस्राएलांचं सगळ्यात जुनं, जुन्या माणसांच्या तोंडी ‘जुनी मशीद’. पण सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि अनेक ठिकाणी ते जमत नाहीत. दहा नसले तर काही प्रार्थना गाळाव्या लागतात, बाकीच्या एकट्याने म्हणता येतात. अलिबागजवळ खंडाळे गावी खडकावर एक खूण आहे. एलियाहूच्या रथाची ती खूण, अशी श्रद्धा आहे. इस्रायलला गेलेली माणसं पुन्हा तिथे येऊन मलिदा करतात.

वल्हांडणाच्या रात्री सगळ्यात लहान मुलाने विचारायचं असतं, ‘ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ त्या रात्री वाचायचं पुस्तक, हग्गादा, 1846मध्ये मुंबईत मराठी अर्थासह छापलं गेलं. 1874मध्ये पुण्यात पुन्हा छापलं, त्यातल्या चित्रात भाकरी करायला बसलेल्या बायका आपल्याकडच्या पेहरावात आहेत. टेबलावर द्राक्षरसाचा एक पेला भरून कुणीही न पिता ठेवतात, तो एलियाहूचा. त्या रात्री चार पेले प्यायचे की पाच, हा वाद मिटला नाही, म्हणून पाचवा त्याच्यासाठी ठेवला, असं सांगतात. आला की सांगेल. मूल नसेल तर बायकोने विचारायचं, असा नियम तालमूदमध्ये आहे. दोन पंडित बसले असतील आणि दोघांना सगळं येत असेल तरी एकमेकांना विचारायचं. घरात एकटाच माणूस असेल, तर त्याने स्वतःला विचारायचं, मोठ्याने.